उठते का घडीघडी

भावाच्या लेकीची हळद दळायला गुणाबाई मुरुडला आली खरी, पण सकाळपासून तिचं बूड एका जागी ठरत नव्हतं. बसे, उठे, पदराचा वास घेई, पुन्हा दाराशीच टेके.

"वन्सं, पायाला भिंगरी बांधली का काय?" भावजय सुमनबाई करवादली. "पोरीच्या हळदीला तरी दमानं बसा की!"

गुणाबाई हसून हळकुंडं निवडायला लागली. सांगणार काय? पाच महिन्यांमागं गर्भपिशवीच्या तोंडाला कॅन्सर निघाला, नांदेडला पिशवी काढली. जीव वाचला, पण लघवीचा इशारा गेला. पोट तुंबलं तरी कळायचं नाही. मग आपसूक पाझरायचं. "इशाऱ्याची वाट बघू नका बाई, दोन-दोन तासांनी जाऊन बसा. पाणी भरपूर प्या," असं तिथल्या सिस्टरनं बजावलेलं. घरात घड्याळ नव्हतं. ती मनात ओव्या म्हणायची. सहा विसा, म्हणजे एकशेवीस झाल्या की उठायची. आईच्या मांडीवर ऐकलेल्या ओव्या, पण आता एकही सुखानं म्हणवत नव्हती. प्रत्येक ओवी मागून हाकलायची. पाणी मात्र ती टाळायची. दुष्काळात तेवढंच वाचतं आणि आत घेतलेल्या कापडाच्या घड्याही कमी भिजतात, असं तिला वाटायचं. त्यापायी लघवीला जळजळ होऊन दोनदा तापानं फणफणली होती.

लातूरचा नवा जिल्हा झाला, कलेक्टर कचेरीत कारकून लागलेला नवरदेव मिळाला. घर नुसतं उधाणलं होतं. त्यात टँकर आला. बायका घागरी घेऊन परसात लोटल्या. तुराट्यांच्या कुडाची न्हाणी तिथंच. गुणाबाईला जाताच आलं नाही. टँकर हलला तशी सुमनबाईनं तिला हाताला धरून जात्यावर बसवलं. ओवी आत्यानंच काढायची, आणि हळद सरेस्तोवर खुंटा सोडायचा नाही. सोडला की अपशकुन.

जातं घरघरलं. गुणाबाईचा गळा तसाच गोड होता. पण पोटावरून हात फिरवला तर ते दगडावाणी लागलं. आता कधीही. हळदीच्या घोंगडीवर डाग पडला तर जन्मभर नाव निघेल. उठावं तर पोरीला अपशकुन. बोलायला तोंड उघडेना. ओवीच तेवढी फुटली:

"नांदेड शहरामंदी, बाई, कापिली माझी कूस
उठते का घडीघडी, सये, येवढं तरी पूस…"

बायकांचे हात थबकले. जातं थांबणार, तोच शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या साखरामावशीनं खुंटा आपल्या हाती घेऊन रेटा दिला:

"जाय गं माझ्या लेकी, नगं वागवू मनी भार
तुझ्या गं वाटणीची, हळद ठिवीते मुठी चार…"

गुणाबाई उठली. न्हाणीत बसली, ओटीपोट दाबलं. येईना. घाई केली की येतच नसे. बाहेर पावलं वाजली. तुराट्यांवरून तांब्या आत आला.

"प्या आधी," सुमनबाई बाहेरून म्हणाली. "सकाळधरनं घोटभर बी घेतलं न्हाई तुमी. टँकरचंच हाय. आन् वन्सं, आनखी काय लपवलं आसंल तर ते बी गाऊन टाका. एकदाच रडून मोकळी व्हते."

"न्हाई वयनी. येवढंच."

ती घटाघटा प्याली. आतून मावशी ओरडली, "गुणे, आवर की! दंड भरून आला माझा!"

गुणाबाई सवयीनं दचकून अर्धी उठली. मग परत बसली, आणि भर परसातून हाक दिली,

"दम धर मावशे! आजून व्हायचंय माझं!"