मागच्या सीटवरचा आवाज

"आजोबा गाडीत माझ्याशी बोलतच नाहीत," पिंगीने जेवताना तक्रार केली. "मी एवढी हत्तीची गोष्ट सांगितली, तर खिडकीबाहेर बघत बसले."

आजोबांनी मान खाली घातली. पिंगीच्या आईलाही हे खटकत होतं. घरात नातीच्या मागे मागे फिरणारे सासरे गाडीत बसले की तोंडात मिठाची गुळणी धरायचे. कशावर रुसलेत, कोण जाणे!

पुढच्या खेपेला तिचं आरशात लक्ष गेलं. गाडीने वेग घेताच त्यांनी कानातलं यंत्र काढून हळूच खिशात टाकलं.

घरी आल्यावर तिने विचारलं, "बाबा, यंत्र का काढता?"

"गाडी पळायला लागली की कानात कुणीतरी रिकामी कढई घासतंय असं वाटतं गं. बोलणं त्यात बुडूनच जातं."

"मग सांगायचं नाही का?"

ते ओशाळले. "तू कारखान्यात दिवसभर गाड्यांचे आवाजच मोजतेस. घरचीच गाडी खडखडते, हे तुला कोणत्या तोंडाने सांगू?"

तिला हसू आलं आणि वाईटही वाटलं. ती कायम पुढेच बसायची. सुट्टीच्या दिवशी तिने नवऱ्याच्या हाती स्टिअरिंग दिलं आणि मीटर घेऊन स्वतः मागे बसली. पुढे अडुसष्ट डेसिबल, मागे चौऱ्याहत्तर. चाकं जणू मांडीखालीच गरगरत होती.

मग दोघांनी मागची सीट उपटली. चाकांवरच्या उघड्या पत्र्याला रबराचे जाड तुकडे चिकटवले, त्यावर लोकरीचा जाड नमदा अंथरला, दारांची फाटकी रबरं बदलली. झिजून खडबडीत झालेले टायरही बदलून घेतले.

"अगं, माझा हात चिकटला!" नवरा ओरडला.

"आता तोंडही टेकव. तेवढाच आवाज कमी."

पुन्हा मोजलं. एकोणसत्तर. एवढी कंबर मोडून पाचच डेसिबल! ती हिरमुसली.

"जमेल तेवढं केलंय, बाबा," पिंगीच्या आत्याकडे निघताना ती म्हणाली. "फार आशा ठेवू नका."

गाडीने वेग घेतला. आरशात सासऱ्यांचा हात कानाकडे गेलेला दिसला. तिथेच थबकला. मग खाली आला.

पिंगीची टकळी सुरूच होती. "आणि मग ससा विहिरीत पडला."

"मासा? मासा तर विहिरीतच असतो की."

"ससा, आजोबा! ससा!"

"हां, ससा! अरेरे. मग?"

पुढे रस्ता खरबरीत लागला आणि घरघर वाढली. मागून हाक आली, "सूनबाई, जरा हळू घे. ससा विहिरीत आहे."

तिने वेग कमी केला. मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवून जीव नकोसा केला, पण ती बधली नाही.

आत्या दारातच उभी होती. नवऱ्याने पिशव्या काढल्या आणि मागचं दार उघडलं. "चला बाबा, आलं घर."

"तू हो पुढे," म्हणत आजोबांनी दार आतून ओढून घेतलं. ससा अजून वर आला नव्हता.