तीस पानं बाकी

“अजून तीस पानं राहिलीत आणि तू अभिप्राय मागतोस? थांब आता दारातच!” असं म्हणत बिट्रिस सिस्टरनी दार मात्र सताड उघडलं.

तानाजी खुर्चीत बसला. बसला कसला, कोसळलाच. पहाटे चारला दिवा गावातल्या घराजवळ पाण्याच्या टँकरपुढे हंडे घेऊन उभं राहायचं, मग ठाण्याला येऊन वाचनालयाची पिशवी खांद्याला लावायची आणि वर्तकनगरच्या बिनलिफ्टच्या इमारती चढायच्या. वीस वर्षं घरपोच पुस्तकं पोचवून त्याचे गुडघे पार कामातून गेले होते. त्यात यंदा वाचनालयाला नवी हौस सुचली. वर्धापनदिनाला एकाच पुस्तकावरचे वाचकांचे अभिप्राय फळ्यावर लावायचे! पुस्तक कुठलं, तर विलायतेतली जुनी रहस्यकथा, मराठीत आणलेली. गावाबाहेर मोठी हवेली, बाहेर बर्फ, आत पाहुणे, आणि जेवता जेवता मालकाला विष. ते अभिप्राय गोळा कोण करणार? तानाजीच की!

सिस्टर चौतीस वर्षं नर्स होत्या. नोकरी सुटली, पण सगळी वस्ती अजून सिस्टरच म्हणायची. आता वय ऐंशीच्या पुढे. एक डोळा केव्हाच गेलेला. दुसरा फार तर दिवाळीपर्यंत, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं. दोन महिन्यांपूर्वी हे पुस्तक घेताना त्या म्हणाल्या होत्या, “हे माझं शेवटचं. कोणी वाचून दाखवायचं नाही. खुनी माझा मी शोधणार.” तेव्हापासून रोज सकाळच्या उजेडात, हातात भिंग घेऊन, चार-पाच पानं.

“बाकीच्यांनी काय लिहिलंय?” सिस्टरनी विचारलं. “वाच बघू. हाताने लिहिलेलं मला दिसत नाही. पण खुन्याचं नाव नको हं.”

“नाव लिहू नये असं कागदावर वरतीच छापलंय ना,” म्हणत तानाजीने पिशवीतून कागद काढले. “ही करिश्मा. ‘पात्रं फार आहेत. कोण कुणाचा मेहुणा ते कळेपर्यंत अर्धं पुस्तक संपलं.’”

“खरंय बाई! मी वहीत लिहून ठेवलेलं.”

“हा हितेश. ‘घरात मुडदा पडलाय आणि हे लोक चहा पितायत. आमच्या सोसायटीत एवढ्यात बोंबाबोंब झाली असती.’”

सिस्टर खुदकन हसल्या. तानाजीला बरं वाटलं. झोपेने डोळे मिटत होते, तरी त्याने तिसरा कागद धरला. तो निवृत्त मास्तर असलेल्या भाऊंचा होता. तानाजी वाचत गेला, डोक्यात काही न शिरता, नुसतं तोंडाने. “‘रचना ढिसाळ. मालकाच्या आईची शुश्रूषा करणारी नर्स हीच खुनी, हे चाणाक्ष वाचकाच्या साठाव्या पानावरच…’”

तो थांबला. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

“नर्स?” सिस्टर म्हणाल्या.

“सिस्टर, माफ करा. माझं लक्षच नव्हतं. आणि या भाऊंना तरी काय गरज होती…”

“भाऊंचं राहू दे. नर्स?” त्या पलंगाच्या कडेला टेकल्या. “अख्ख्या घरात ती एकटी काम करत होती रे. म्हातारीची कूस बदलायची, रात्रीचं उठायचं. बाकीचे नुसते खातायत. मला तर मेहुण्याचा संशय होता.”

“भाऊंचंच चुकलं असेल,” तानाजीने धडधडीत खोटं ठोकून दिलं. “तुम्ही वाचा ना पुढे. मी वाचनालयात सांगतो, अजून पंधरा दिवस ठेवा.”

“कशाला? कोण ते कळावं म्हणून डोळा ताणत होते. कळलं.” त्यांनी पुस्तक मिटून त्याच्या हातात दिलं. “घेऊन जा. डोळ्याला तेवढाच आराम.”

त्या चिडल्या असत्या, चार शब्द सुनावले असते, तर तानाजीने खाली मान घालून ऐकून घेतलं असतं. हे असं शांत बोलणं त्याला सोसवेना. त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

“गुरुवारी दुसरं काही आणू? मोठ्या अक्षरातलं?”

“नको रे. शेवटचं म्हटलेलं ना मी.” मग त्या म्हणाल्या, “अभिप्राय हवाय ना तुला? लिही. पुस्तक पूर्ण वाचलं नाही. नर्स चांगली वाटली.”

त्याने लिहिलं. खाली त्यांचं नाव घालायला लागला, तशी त्यांनी त्याच्या हातातलं पेन घेतलं. “सही माझी मी करणार. चौतीस वर्षं रोज ड्यूटी संपताना केलीय.”

डाव्या हाताने टेबलावरच्या कागदाची कड चाचपून त्यांनी सावकाश, वळणदार सही केली.

“नीट आली ना?”

“आली की,” तानाजी म्हणाला.

त्याने कागद उचलला. त्यावर ‘बिट्रिस’ एवढंच होतं. आडनाव टेबलावरच्या प्लास्टिकवर उमटलं होतं.