घरटी एक माणूस

इवान प्रिचर्डची नजर अधू झाली तशी कंपनीने त्याला इंजिनावरून उतरवलं आणि विलायतेला जाणाऱ्या आगबोटीचं तिकीट हातात ठेवलं. ही अठराशे ऐंशीच्या आसपासची गोष्ट. तारुण्यात तो वेल्समधून इकडे आला आणि कल्याणहून गाड्या नेता-आणता म्हातारा झाला. बायको कल्याणच्या ख्रिस्ती दफनभूमीत होती. तिकडे गावी एक भाऊ तेवढा उरला होता, तोही मागल्या साली गेल्याचं कळलं. इवानने तिकीट वापरलं नाही.

कंपनीची खोली सोडावी लागली तेव्हा तो ठाकुर्लीला काळुराम भोईराच्या घराच्या मागच्या पडवीत राहायला आला. काळुराम आगरी, खाडीकाठच्या खारजमिनीत भात लावणारा. एकदा त्याची म्हैस रुळांवर बसली होती आणि इवानने वेळेत गाडी थांबवली होती. तेव्हापासून इंजिनावर इवान दिसला की काळुराम शेतातून हात वर करायचा. ओळख म्हणावी तर एवढीच, पण जागा मागायला तेवढी पुरली.

सुरुवातीला सगळं गाव त्याला बघायला आलं. त्याचं मराठी ऐकून बायका पदर तोंडाला लावून हसल्या, कारण ते त्याने इंजिनात कोळसा टाकणाऱ्या दगडूकडून उचललं होतं आणि दगडू होता साताऱ्याकडचा. गोरा माणूस आणि बोलतो घाटावरच्यासारखा, याची गंमत पुष्कळ दिवस टिकली. काळुरामची बायको आवडाबाई त्याला तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण द्यायची, पण ताटली वेगळी आणि पाण्याचं मडकंही वेगळं. ताटली तोच घासायचा. गावात काय खायचं नाही हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, गोमांस त्याचं त्यानेच सोडलं. सगळे त्याला साहेब म्हणायचे. तो दिसला की पुरुष बोलणं थांबवायचे, तो पुढे गेला की पुन्हा सुरू करायचे.

गावाची सगळी शेती एका बांधाच्या भरवशावर होती. बांधाच्या पलीकडे खाडी, अलीकडे भात. बांधाला खांड पडली, म्हणजे तो कुठे फुटला, की खारं पाणी आत शिरायचं. म्हणून उधाणाच्या दिवसांत घरटी एक माणूस बांधावर गेलाच पाहिजे, असा गावाचा नेम होता. गोविंदा नावाचा मनुष्य दारोदार हाक देत फिरायचा. इवानच्या पडवीवरून मात्र तो न थांबता जायचा. पहिल्या वर्षी इवान आपण होऊन टोपली घेऊन गेला. लोकांनी ती त्याच्या हातून आदराने काढून घेतली, त्याला बाभळीखाली बसवलं आणि ताडी आणून दिली. तो सबंध दुपार बसून राहिला आणि संध्याकाळी न जेवता झोपला. साहेबांना ऊन लागलं असेल, असं आवडाबाईला वाटलं.

तिसऱ्या पावसाळ्याच्या तोंडाशी कंपनीच्या माणसांनी रूळ दुरुस्त करताना भरावाखालची एक लहान मोरी दगडांनी बुजवून टाकली. शेतातलं पावसाचं पाणी त्याच मोरीतून खाडीला जायचं. ते आता आतच तुंबलं. बांध आतून भिजून सैल झाला आणि भाद्रपदातल्या अमावास्येच्या उधाणाला खचला. पोटरीला आलेल्या भातात खारं पाणी उभं राहिलं.

गावचा म्हात्रे, म्हणजे पुढारी, परशुराम. त्याच्या ओटीवर माणसं जमली आणि त्या दिवशी पहिल्यांदाच इवानला मुद्दाम बोलावणं आलं. साहेबाने ठाण्याला जावं, तिथल्या कंपनीच्या साहेबाशी त्यांच्या भाषेत बोलावं आणि मोरी मोकळी करून आणावी, असं म्हात्रेने सांगितलं. इवानला नको वाटलं. ज्या गावाने त्याला एक टोपली उचलू दिली नव्हती, ते आता त्याच्या कातडीकडे बघत होतं. शिवाय कंपनीच्या वरच्या साहेबांपुढे आपण कोण, हे तो ओळखून होता.

"मी डायवर हुतो," तो म्हणाला. "तितं मला कोण इचारतंय."

"तुमी गोरं हाव, सायेब," काळुराम म्हणाला. "आमचा नाय आयकत, तुमचा आयकतील."

इवान पेटीतला कोट शोधायला गेला. आवडाबाईने त्याच्या काळ्या कोटावरची बुरशी ओल्या फडक्याने पुसून काढली. बुटांत पाय जाईनात. दोन-तीन वर्षं अनवाणी चालून ते रुंद झाले होते. बूट तसेच दामटून तो म्हात्रे आणि काळुरामबरोबर कल्याणपर्यंत चालत गेला आणि तिथून गाडीने ठाण्याला.

कचेरीच्या व्हरांड्यात तिघांना बराच वेळ थांबावं लागलं. मग शिपायाने फक्त इवानला आत घेतलं. टेबलामागे एक तरुण इंजिनिअर होता. इवानचा रंग बघून तो अर्धवट उठला, हात पुढे करता करता त्याने विचारलं की कुठे राहता. इवानने सांगितलं. इंजिनिअर परत खाली बसला. मोरीची हकिगत त्याने ऐकून घेतली आणि पावसाळ्यानंतर बघू म्हणाला. मग आवाज खाली आणून त्याने मुंबईतल्या निराधार गोऱ्या लोकांसाठी असलेल्या एका आश्रमाचा पत्ता दिला. माणसाने आपल्या लोकांत राहावं, असंही तो म्हणाला. त्याच्या स्वरात तिरस्कार नव्हता, आणि तेच इवानला जास्त लागलं.

बाहेर दोघं उभेच होते. साहेब बघतो म्हणाला, एवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं. ते खोटंही नव्हतं.

"काम झालं न्हाई," इवान म्हणाला. "हुनार बी न्हाई. त्यानं मलाच भिकारी समजून पत्ता दिला."

म्हात्रेने कचेरीकडे एकदा बघितलं आणि तो चालायला लागला. वाटेत काळुरामने चणे घेतले, तिघांत वाटले. परतीच्या गाडीत पुढल्या साली बियाणं कुणाकडून आणायचं, यावर दोघांचं बोलणं चाललं. इवान शेजारी बसलेला असूनही ते थांबलं नाही. त्याने बूट काढून मांडीवर घेतले. त्याला शरम वाटत होती, पण पायांना बरं वाटत होतं.

गावाने मोरीचा नाद सोडला. खांड बुजवायची आणि तुंबलेल्या पाण्याला बांधातच दुसरीकडे नवी उघाडी, म्हणजे फळ्यांनी उघडबंद करता येणारी वाट, पाडायची, असं ठरलं. सकाळी गोविंदा हाका देत निघाला. काळुरामच्या दाराशी थांबला, मग मागे वळून पडवीपाशी आला.

"बाबा, घरटी एक," तो म्हणाला आणि पुढच्या घराकडे गेला.

बांधावर माणसांची रांग लागली होती. चिखलाचे गोळे हातोहात खांडीपर्यंत जात होते. इवान काळुराम आणि हौसाबाई नावाच्या विधवेच्या मध्ये उभा राहिला. नजर धड नसल्याने पहिले काही गोळे त्याने पाडले. हौसाबाईने त्याला चांगलंच झापलं, गोळा पोटाशी धर म्हणाली. त्याने धरला. दुपारपर्यंत त्याची कंबर धरली आणि तो बाजूला बसला. त्याला कुणी बसायला सांगितलं नाही, की उठायलाही नाही. रांग सरकली आणि त्याची जागा भरून निघाली. ताडी कुणी आणली नाही, कोरड्या तोंडानेच काम बघत तो बसला. आत काय वाटत होतं ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं, फक्त घरी जावंसं वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याला ताप भरला. बांधावर पडवीतला माणूस दिसला नाही म्हणून गोविंदा विचारायला आला. आवडाबाईने कारण सांगितलं. म्हात्रेचा निरोप आला की ताप उतरल्यावर या बाबाने उघाडीच्या राखणीला बसून खाडा भरून काढावा. इवान बसला. पाणी चढलं की फळ्या लावायच्या, ओसरलं की काढायच्या. ते काम मग बरीच वर्षं त्याच्याकडेच राहिलं.

त्या साली निम्म्याहून जास्त भात गेलं. दोन-तीन घरं पोटासाठी भाईंदरच्या मिठागरांवर गेली. मोरी पुढे कधीतरी कंपनीने आपल्याच कारणाने मोकळी केली, कुणाला विचारलं नाही, सांगितलंही नाही.

नंतरच्या एका पावसाळ्यात आवडाबाईच्या कोंबड्यांनी इवानने पडवीमागे लावलेली चवळी उकरली. त्याने एक दगड मारला, तो नेमका लागला आणि कोंबडी मेली. काळुराम भांडायला आला. दोघंही तोंडाला येईल ते बोलले, इवान साताऱ्याच्या बोलीत आणि काळुराम आपल्या. श्रावण सरेपर्यंत बोलाचाल बंद होती. शेवटी म्हात्रेने दोघांना ओटीवर बोलावलं आणि इवानने कोंबडी भरून द्यावी, काळुरामने मध्ये काटक्यांचा कूड घालावा, असा निवाडा केला. कोंबडी मोठी होती की लहान यावर इवान हुज्जत घालत बसला. त्याला कुणी साहेब म्हटलं नाही, आणि त्याचं म्हणणंही कुणी मान्य केलं नाही.