तिसऱ्या गिअरमधला गुरुवार

धुराच्या तपासणीत गाडी नापास झाली, तेव्हा डिम्फनाच्या लेकाने, मलाकीने, निकालच लावला. "मम्मी, पुन्हा नापास झाली तर विकून टाकू. ट्रॅक्टरपेक्षा हळू चालवतेस तू. अर्धा मेयो जिल्हा तुझ्यामागे रांगेत असतो."

आता गाडी गेली की शेजारच्या गावातला गुरुवारचा नाच गेला. मग कुठेही जायचं म्हटलं की बसा मलाकीच्या तोंडाकडे बघत. नवरा फेस्टस गेल्यापासून तेवढा एक गुरुवारच तर होता तिला.

गॅरेजवाल्या कोलमने बॉनेट उघडलं आणि हसायलाच लागला. "बाई, गाडी ठणठणीत आहे. पण डिझेलची गाडी अशी गोगलगायीसारखी चालवली की आत काजळी साठते. फेरतपासणीला जाताना हमरस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये दामटा, चांगली वीस मिनिटं. जळून जाईल सगळी. आणि तिथे रांगेत इंजिन बंद करू नका हं, गार पडलं की मेहनत पाण्यात."

फेरतपासणी नेमकी गुरुवारी आली. शेजारीण नूला सोबतीला आली ती जपमाळ घेऊनच.

हमरस्ता लागताच डिम्फनाने अ‍ॅक्सिलरेटर दाबला. इंजिन बोंबलायला लागलं, मागे काळाकुट्ट धूर. "अगं बाई, मारतेस का मला?" नूला म्हणाली.

"तू जप कर. गाडीकडे मी बघते."

फेस्टस होता तेव्हा ती अशीच पळवायची. तो शेजारी बसून नाचाच्या गाण्यांची शीळ घालायचा. तो गेला आणि तिचा पाय अ‍ॅक्सिलरेटर दाबेचना. घाई करून पोचायचं तरी कुणाकडे? घरी ती रिकामी खुर्ची. फार वाईट दिवस गेले ते.

पुढे पोलिसाने हात केला. तिने गाडी बाजूला घेतली, इंजिन मात्र चालूच ठेवलं.

"बाई, वेग बरोबर आहे तुमचा. पण हा आवाज कसला? वरचे गिअर गेलेत का?"

"आज तपासणी आहे हो."

पोलिसाचा चेहरा खुलला. "मग थांबलात कशाला? गार होईल ना ती. निघा, निघा. आईच्या गाडीला मीही हेच करतो."

तपासणी केंद्रात तिथल्या माणसाने सायलेन्सरमध्ये नळी घातली आणि इंजिन पार शेवटपर्यंत रेटलं. एकदा, मग पुन्हा. काचेपलीकडून डिम्फना त्या नळीवर डोळे रोखून बघत होती. नूलाची माळ तर कधीच थांबली होती. धूर आलाच नाही. पास!

परतताना सवयीने पाय सैल पडायला लागला. तिने तो पडू दिला नाही. काजळी परत साठवायची कुणाला हौस होती? गावच्या रस्त्यावर पुढे मेंढ्यांचा ट्रेलर ओढत मलाकीची जीप रांगत होती. मोकळी सरळ वाट आली तशी डिम्फनाने हॉर्न दिला आणि भुर्रकन पुढे निघाली. नूलाने त्याला हातसुद्धा केला.

घरी पोचून चहा होतो न होतो तोच मलाकी दारात.

"मम्मी, मघाशी गेलीस ती तूच ना?"

"मग कोण? पास झाली गाडी."

तो डोकं खाजवत उभा राहिला. "बरं झालं. पण जरा हळू चालवत जा गं."

डिम्फनाने किल्ली पर्समध्ये टाकली आणि फेस्टसच्या गाण्याची शीळ घालत नाचाचे बूट शोधायला आत गेली.