सात नंबरची फुली

खाणीत सगळे त्याला कानसेन म्हणायचे. गाण्याशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. पाळी सुरू व्हायच्या आधी काठीने बोगद्याचं छत ठोकायचं आणि आवाज ऐकायचा, हे त्याचं काम. टणटणीत वाजलं की खडूने बरोबरची खूण, बद्द वाजलं की फुली. फुलीखाली कुणी पाऊल टाकायचं नाही. खाली उतरताना प्रत्येकाने आपला बिल्ला फळीवर अडकवायचा, पण पहिल्या खिळ्यावर कानसेनचा दिसला, की मगच बाकीच्यांनी. वर्षानुवर्षांची रीत होती ती.

एकोणीस दिवस तो खिळा रिकामा होता. जुन्या युनियनने संप पुकारला होता, आणि तो तरी कशासाठी? छताचे टेकू कुजलेत, नवे द्या, एवढ्यासाठी! नव्या युनियनने साहेबाशी संधान बांधलं आणि जाहीर केलं, की विसाव्या दिवशी आमची माणसं उतरणार. कानसेन जुन्या युनियनचा, तर त्याचा एकुलता एक जावई नव्या युनियनचा, त्यातही सगळ्यांत पुढे पुढे करणारा. झालं! सासरा-जावयाचा अबोला, आणि मधल्यामध्ये लेकीची फरफट.

विसाव्या दिवशी सकाळीच लेक दारात उभी. "बाबा, हे आज उतरतायत. सात नंबरच्या बोगद्यात."

कानसेनच्या हातातला चहा तसाच राहिला. सात नंबर! संपाची हाक आली तेव्हा तो तिथेच होता. छत ठोकलं तर बद्द. खडू काढतो न काढतो तोच आरडाओरडा झाला, "काम बंद! सगळे वर!" आणि हा शहाणा खडू खिशात टाकून वर आला. आता खाली चिटपाखरूही येणार नाही, मग फुलीची घाई कसली? आदल्या दिवशीची बरोबरची खूण तशीच राहिली. नंतर आठवलं नाही असंही नाही. पण सांगायचं कोणत्या तोंडाने? इतक्या वर्षांची अब्रू होती.

"जाऊ नका म्हणावं त्यांना."

"म्हटलं की! तर म्हणाले, तिथं मामांची खूण आहे. मामा हेकट असतील, पण त्यांचा खडू खोटं बोलत नाही."

म्हाताऱ्याने पायात चपला अडकवल्या आणि तो खाणीच्या फाटकाकडे पळत सुटला.

"जावईबापू, सात नंबरात जाऊ नका. खूण जुनी आहे. छत बद्द वाजतंय."

जावई हसला. "वा मामा! एकोणीस दिवस वाजलं नाही ते? संप मोडतोय म्हटल्यावर बरं वाजलं!" मागचे सगळे खो खो हसले, आणि हसत हसतच लिफ्टच्या पिंजऱ्यातून खाली गेले.

कानसेन आपल्या युनियनच्या पुढाऱ्याकडे वळला, खाली जाऊन फुली मारू दे म्हणाला. पुढाऱ्याने सगळं ऐकून घेतलं. "तुझा बिल्ला लागला तर आपली माणसं काय समजतील, कळतंय ना तुला? दुपारी साहेब बोलणी करणार आहे. टेकू मिळायची वेळ आलीय. तेवढी कळ काढ."

"तोवर माझी लेक विधवा होईल रे."

"आणि टेकू मिळाले नाहीत, तर किती जणी होतील?"

पुढारी वाईट माणूस नव्हता, हीच तर पंचाईत होती. कानसेनने खिशातून बिल्ला काढला आणि पहिल्या खिळ्यावर अडकवला.

सासऱ्याला खाली आलेलं बघताच जावयाच्या तोंडचं पाणी पळालं. हा म्हातारा संप मोडून आला म्हणजे थट्टा नव्हे. त्याने सगळ्यांना बाहेर काढलं. कानसेनने खूण पुसून फुली मारली. छत काही पडलं नाही.

वर येऊन पाहतो तर फळी भरत आलेली. पहिल्या खिळ्याकडे बघत जुन्या युनियनची माणसं मुकाट्याने एकेक बिल्ला अडकवत होती. साहेबाने बोलणी रद्द केली. टेकूंचं नाव कुणी काढलं नाही. पुढारी शिव्या देईल असं कानसेनला वाटलं होतं, पण म्हातारा शेजारून गेला तरी त्याने मान वर केली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्याच दिवशी साहेबाने म्हाताऱ्याला घरी बसवलं आणि त्याची काठी जावयाच्या हातात दिली. आठवड्याने जावई घरी आला.

"उद्यापासून सात नंबर सुरू होतोय, मामा."

"टेकू आले?"

"नाही. साहेब म्हणतो, इतके दिवस पडलं नाही म्हणजे छत धड आहे. फुली पुसायला लावली मला."

"ठोकून बघितलंत?"

जावयाने मान खाली घातली. "बद्दच वाजतंय."

"उतरणार कोण?"

"जुन्या युनियनचे. त्यांना मुद्दाम तिथं घातलंय. पुढाऱ्याचं नाव सगळ्यांत वर आहे."

कानसेन ताडकन उठला. खुंटीवरचा सदरा काढून खिसे चाचपू लागला. खडूचा तुकडा सापडला. तो घेऊन म्हातारा दाराकडे निघाला.

"कुठे निघालात, मामा?" जावई हळूच म्हणाला. "फाटकातून आत नाही सोडणार तुम्हाला. पहिल्या खिळ्यावर आता माझा बिल्ला असतो."