तुर्दुकानच्या घरातला मुरघास

कुऱ्हाडीचा घाव बसला आणि मुरघासातून ठिणगी उडाली.

"पाहिलंत?" तुर्दुकानने कुऱ्हाड पशुतज्ज्ञ मेलिसच्या पायाशी टेकवली. "याला चारा म्हणायचं? यापेक्षा दगड बरा. दगडाला निदान बुरशी येत नाही."

नारिनच्या त्या डोंगरावर फेब्रुवारीत थंडी अशी, की माणूस पुढे जाई आणि त्याची सावली भिंतीला चिकटून मागे राही. आदल्या शरदात सामूहिक शेताच्या अध्यक्षांनी सणाआधी आकडा गाठायचा म्हणून खोऱ्यातला मका मुरवायला घाईघाईने खड्ड्यात कोंबला होता आणि वर झाकायचं राहून गेलं होतं. तीच गोठलेली ढेकळं आता ट्रॅक्टरमागच्या घसरगाडीवरून वर आली होती. वाळलेलं गवत? ते अध्यक्षांच्या शर्यतीच्या घोड्यांनी खाल्लं.

"आपा, नमुना तपासलाय," मेलिस म्हणाला. "मेंढीमागे दोन किलो. वरून आदेश आहे."

"पलीकडच्या खिंडीत जुमाशने हाच आदेश खाऊ घातला. चाळीस मेंढ्या गाभडल्या. बाकीच्या मान वाकडी करून गोल गोल फिरत मेल्या."

"ती मेंढपाळाची हयगय."

तुर्दुकान गप्प झाली. ती गप्प झाली की तिचा नवरा ओस्मोनाली कुठेतरी सटकत असे, आजही सटकला. गोठ्यात तीनशे मेंढ्या होत्या, साऱ्या गाभण. व्यायला दीड महिना उरला होता.

"दमून आलात," ती म्हणाली. "चहा घेऊन जा."

तिने घरात दस्तरखान अंथरला. पाव ठेवला, लोणी ठेवलं. त्या मुलखात दस्तरखानावरचं काहीतरी तोंडाला लावल्याशिवाय कुणी उठत नाही. सात पिढ्यांचा वैरीही पावाचा तुकडा मोडून मगच दार ओलांडतो. मग मानाच्या पाहुण्याचा मोठा वाडगा तिने मेलिसपुढे सरकवला. त्यात काळाकुट्ट, पांढरी लव धरलेला मुरघास वितळत होता. असा भपकारा सुटला, की चुलीतला जाळसुद्धा धुराड्याकडे पळाला.

"ही काय थट्टा?"

"थट्टा कसली? 'उत्तम प्रत, गोडसर वास' असं तुम्हीच लिहून दिलंय. मी अडाणी बाई, तुमच्या सहीवर माझा भरवसा. घ्या चिमूटभर."

"आपा, हे जनावरांचं आहे!"

"त्या जनावरांच्या पोटात पोरं आहेत."

मेलिस उठला. पावालाही न शिवता दारापर्यंत गेला. "गवत मिळणार नाही," तो म्हणाला. "कोकरं कमी भरली तर खटला तुमच्यावर."

चाळीस वर्षांत त्या घरातून असं कुणी उठून गेलं नव्हतं. ती अख्ख्या पावाकडे बघत राहिली. मग ओरडली, "म्हाताऱ्या, फावडं आण!"

दोघांनी ढेकळांवरचा सडका थर तासून दरीत फेकला. तेव्हापासून कोल्ह्यांनीही त्या दरीतली वाट सोडली म्हणतात. आत पिवळसर, खाण्याजोगा गाभा निघाला, पण गोठलेला. तो तसाच घातला असता तरी मेंढ्या गाभडल्या असत्या. उबेला एकच जागा होती: घर. तुर्दुकानने लग्नातलं नक्षीचं, जाड लोकरीचं नमद जमिनीवर पसरलं, त्यावर मुरघास घातला, मूठ मूठ निवडला, ऊब येऊ दिली आणि रोजच्यापुरताच बाहेर नेला. घरात माणसांना जागा उरली नाही. नवराबायको मेंढ्यांत झोपू लागली. एक मेंढी आपल्याला पहाटे नाव घेऊन उठवते, असं ओस्मोनाली सांगे. त्यातलं निम्मं खोटं धरा.

एप्रिल आला तरी बर्फ हटलं नव्हतं. मेंढ्या व्याल्या, आणि तीनशेत फक्त चार गाभडल्या. जिल्ह्याचे साहेब बघायला आले. पुढे मेलिस, तोंडात मुरघासाची थोरवी. चाऱ्याचा आकडा गाठल्याचा बिल्ला अध्यक्षांना आधीच मिळाला होता.

"आहे तरी कुठे तो नामी मुरघास?" साहेबांनी विचारलं.

मेलिसने अंगणातल्या ढेकळांकडे बोट केलं. तुर्दुकानने घराचं दार उघडलं.

आंबूस, कोमट वाफ बाहेर आली. नमदावरच्या नक्षीतली लाल शिंगं, निळी पानं रसाने काळी पडली होती. आता ती कुठल्या पाण्याने धुतली जाणार नव्हती. वर सकाळचा निवडलेला चारा पसरलेला होता. साहेबांनी चिखलाचा पाय उंबऱ्याआत टाकायला उचलला.

"बूट काढा," ती म्हणाली. "माझ्या मेंढ्यांचं ताट आहे ते."

सगळ्यांच्या आधी मेलिस बुटाच्या नाड्या सोडायला वाकला.