पाडव्याचा बार

सूर्याजीरावांच्या घरी गुढी उभी राहिली की अंगणातून बंदुकीचा एक बार निघत असे. देवाला नैवेद्य दाखवावा तितक्या नेमाने. दख्खनेतून फौजेबरोबर या उत्तरेकडच्या संस्थानात आलेल्या पूर्वजांनी हा रिवाज कधी पाडला, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण मोडायची कुणाची छाती नव्हती. पूर्वी जयेंद्रगंज मोहल्ल्यातल्या आणखी चार शिपाईघरांतून या बाराला उत्तर येई. आता संस्थान विलीन झालं होतं, फौज मोडली होती, आणि सुभेदार सूर्याजीराव एका कापडगिरणीच्या फाटकावर पहारेकऱ्यांची हजेरी घेत होते. ही एक बंदूक तेवढी राहिली होती.

पण यंदा बार काढायचा नाही, असं ठरलं होतं. शालिनीवहिनींना तसा शब्द दिला होता.

शालिनीवहिनी म्हणजे थोरल्या भावाच्या, संभाजीरावांच्या पत्नी. संभाजीराव गेल्यावर त्या माजघराच्या खोलीत ज्या शिरल्या त्या शिरल्याच. जेवण आत, चहा आत, बोलणं हूं-हांपुरतं. सूर्याजीरावांच्या पत्नी उषाताईंनी नाना प्रकार करून पाहिले आणि शेवटी हात टेकले. मग माघ सरता सरता एका सकाळी वहिनी आपण होऊन मागच्या पायरीवर येऊन बसल्या. परसात बुलबुलांची जोडी लिंबोणीत काड्या नेत होती, ती बघायला.

त्या दिवसापासून वहिनींचा चहा पायरीवर जाऊ लागला. जास्वंदीवर मध चोखायला इवलासा शिंजीर आला की त्या हळूच बोट करत. तांबट पक्ष्याचं टुक टुक सुरू झालं की म्हणत, "घ्या, लागला कामाला." सूर्याजीरावही शेजारी बसू लागले. उभा जन्म हुकूम देण्यात गेलेला माणूस, पण पाखरं उडतील म्हणून खोकला दाबून धरायला शिकला. खरं सांगायचं तर दिवसभरातला तेवढाच वेळ त्यांना आपण कुणीतरी आहोत असं वाटे.

"भाऊजी," वहिनी एकदा म्हणाल्या, "मादी अंड्यांवर बसलीय. या पाडव्याला बार नका काढू."

"शब्द दिला, वहिनी," सूर्याजीराव म्हणाले.

पाडव्याला गुढी उभी राहिली. वहिनी कडुनिंब-गुळाची वाटी घेऊन स्वतः अंगणात आल्या होत्या. उषाताईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. सगळं छान चाललं होतं, आणि तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारचे मुकुंदराव डोकावले. यांचे पूर्वज दरबारच्या दफ्तरात होते. हे आता मध्यभारत सरकारच्या कचेरीत होते आणि उन्हाळ्यात राजधानी हलली की सरकारबरोबर इंदूरला जायच्या तयारीत होते. राज्य बदललं तरी दफ्तरवाल्यांची खुर्ची काही हलत नाही.

"काय सुभेदारसाहेब, यंदा एकदम खामोशी? की बंदूकपण विलीन करून टाकली?"

मुकुंदरावांच्या घरचे हसले. हसण्यात तसा डंख नव्हता. पण सूर्याजीरावांच्या कानशिलांना आग लागली. ते तडक घरात निघाले. वाटेत वहिनी उभ्या होत्या. दोघांची नजरानजर झाली. वहिनींच्या हातातली वाटी थांबली. सूर्याजीराव त्यांच्या बाजूने आत गेले, बंदूक घेऊन बाहेर आले आणि त्यांनी बार काढला.

लिंबोणीतून बुलबुल फडफडत उडाले ते पार छपरांपलीकडे गेले. कावळेही उडाले. मुकुंदराव म्हणाले, "वाह, मान गए!" गल्लीतून दुसऱ्या कुणाच्या बाराचं उत्तर आलं नाही. आणि बुलबुल परतण्याआधी कावळा परतला.

जेवताना उषाताईंनी विचारलं, "वहिनी, घास का अडला?"

"अंडी गेली. कावळाच तो, नेणारच," एवढंच वहिनी म्हणाल्या. बाराचं नाव काढलं नाही. सूर्याजीरावांनी श्रीखंडाची वाटी बाजूला सारली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. शरमेनं त्यांना पानावरून उठताही येईना.

दुपारी माजघराच्या खोलीचं दार लागलेलं दिसलं. पूर्वीसारखंच. सूर्याजीराव दाराशी जाऊन उभे राहिले.

"वहिनी, चुकलं माझं."

बऱ्याच वेळाने दार थोडं उघडलं. वहिनींचे डोळे सुजले होते.

"विसरलात ना, भाऊजी? रागाच्या भरात आठवलं नाही ना?"

त्या अगदी आशेने विचारत होत्या. आठवलं होतं. वहिनींची नजर दिसली तेव्हा दिलेला शब्द लख्ख आठवला होता, आणि तरी मुकुंदरावांकडचं हसणं जास्त जड झालं होतं. हे सांगितलं तर हे दार आता पुन्हा उघडणार नाही, हेही सूर्याजीरावांना कळत होतं.

"हो," ते म्हणाले. "बिलकुल विसरलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी पायरीवर आल्या. बुलबुलांचा पत्ता नव्हता. पण जास्वंदीवर शिंजीर होता. सूर्याजीराव चहाचा कप घेऊन दारातच थबकले. वहिनी उषाताईंना सांगत होत्या, "नको गं बोलूस त्यांना. विसरले बिचारे. नाहीतर भाऊजी म्हणजे शब्दाला भारी पक्के."

मग वळून त्यांनी शेजारची जागा पदराने झटकली. "बसा ना, भाऊजी."

"उशीर होतोय," सूर्याजीराव म्हणाले. गिरणीला त्या दिवशी सुट्टी होती.